दोनशेचा प्लॅन आणि माडीवरची खोली : सांगलीतील एका घराच्या इंटरनेटचे प्रकरण

सांगलीच्या विश्रामबाग भागातील एका दुमजली घरात बरेच दिवस एकच तक्रार होती : इंटरनेट दिवसभर चालते आणि रात्री बसते. घर १९८० च्या दशकात बांधलेले, नऊ इंची विटांच्या भिंतींचे आणि वर सळईच्या स्लॅबचे. तळमजल्यावर दिवाणखाना, स्वयंपाकघर आणि आजी-आजोबांची खोली. माडीवर दोन खोल्या. त्यांपैकी मागच्या कोपऱ्यातल्या खोलीत घरातली थोरली मुलगी पुण्याच्या एका सॉफ्टवेअर कंपनीचे काम घरून करते. तिचे ग्राहक अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावरचे असल्यामुळे तिच्या महत्त्वाच्या बैठका रात्री साडेआठनंतर सुरू होतात, आणि नेमक्या त्याच वेळी अडचण येत असे.

माझा या कुटुंबाशी जुना परिचय आहे आणि नेटवर्कच्या कामाचा अनुभवही आहे, म्हणून त्यांनी मला घर पाहायला बोलावले. मुलीचे पहिलेच वाक्य मी लिहून घेतले, कारण निदानाच्या दृष्टीने ते फार मोलाचे होते. ती म्हणाली, “काका, मला समोरच्यांचं बहुतेक वेळा नीट ऐकू येतं, पण माझा आवाज तुटतो असं सगळे म्हणतात.” तिच्या वडिलांचा प्रश्न वेगळा होता : “शंभरचा प्लॅन काढून दोनशेचा घेतला, पैसे वेळेवर भरतो, मग अडतंय कुठं?” इंटरनेट पुरवणाऱ्या स्थानिक कंपनीचा लाइनमन येऊन गेला होता आणि त्याने आपल्या मोबाइलवर चाचणी करून “सर, आमची लाइन ओके आहे, तुमच्या वायफायचा प्रॉब्लेम आहे” असे सांगितले होते. पुढे दिसेल त्याप्रमाणे तिघांचेही म्हणणे खरे होते. मात्र प्रत्येकाला प्रश्नाचा आपल्यासमोरचा तेवढाच भाग दिसत होता.

मी जाण्यापूर्वी घरच्यांनी तीन उपाय करून पाहिले होते. प्लॅन १०० वरून २०० एमबीपीएसचा (एमबीपीएस म्हणजे सेकंदाला मेगाबिट) केला होता. जिन्याच्या वळणावर एक वायफाय रिपीटर, म्हणजे राउटरचा संकेत पकडून पुढे पाठवणारे उपकरण, लावला होता. आणि कोणाच्या तरी सांगण्यावरून राउटरमध्ये डीएनएसचे पत्ते बदलले होते. डीएनएस म्हणजे संकेतस्थळाच्या नावावरून त्याचा आकडी पत्ता शोधून देणारी व्यवस्था; ती जलद असली तर पान उघडायला सुरुवात लवकर होते, पण एकदा माहिती येऊ लागली की तिच्या वेगाशी डीएनएसचा काही संबंध उरत नाही. हा सल्ला इतक्या ठिकाणी दिला जातो की त्याबद्दल स्पष्ट सांगणे मला आवश्यक वाटते. तिन्ही उपायांनी माडीवरच्या खोलीत काहीही फरक पडला नव्हता.

मोजणीची पद्धत

इंटरनेटचा वेग मोजायचा म्हणजे मोबाइलवर चाचणीचे ॲप उघडून बटण दाबायचे, अशी सर्वसाधारण समजूत आहे. त्या बटणाने जो आकडा मिळतो तो पुरवठादाराची लाइन, ओएनटी (घरात आलेले फायबर जिला जोडतात ती पेटी), मधली केबल, राउटर, वायफाय आणि खुद्द मोबाइल या सगळ्यांचा मिळून असतो, आणि साखळीतली सर्वांत कमजोर कडी तो आकडा ठरवते. कडी कोणती, हे त्यावरून कळत नाही. म्हणून या घरात मोजणी टप्प्याटप्प्याने करायची असे ठरवले : आधी फायबर जिथे घरात शिरते तिथे, मग राउटरच्या पुढे केबलने, मग त्याच राउटरजवळ वायफायने आणि शेवटी माडीवर. प्रत्येक ठिकाणी सकाळी, दुपारी आणि रात्री. मोजताना घरातील इतर उपकरणे बंद ठेवायची आणि एका वेळी एकच गोष्ट बदलायची.

एककांबद्दल घरात गोंधळ होता, तो आधी दूर करावा लागला. प्लॅनचा आकडा मेगाबिटमध्ये असतो आणि संगणकावर फाइल उतरवताना दिसणारा आकडा बहुधा मेगाबाइटमध्ये; ८ बिटांचा १ बाइट होतो, त्यामुळे २०० एमबीपीएसच्या प्लॅनवर फाइल सेकंदाला जास्तीत जास्त २५ मेगाबाइटने उतरेल. धाकट्या मुलाने गेम उतरवताना ११ मेगाबाइटचा आकडा पाहिला होता आणि आपल्याला दोनशेच्या जागी अकराच मिळतात असे तो धरून बसला होता. त्याचा अर्थ चुकला होता, पण आकडा खरा होता, आणि तो आकडाच पुढे उपयोगी पडला.

चाचणीचा सर्व्हर कोणता हेही महत्त्वाचे. ऊकलाच्या स्पीडटेस्टमध्ये जवळचा सर्व्हर आपोआप निवडला जातो आणि अनेकदा तो पुरवठादाराच्या स्वतःच्याच जाळ्यातला असतो. तिथे मिळणारा आकडा त्या जाळ्याबाहेर पडल्यावर टिकेलच असे नाही. म्हणून मुंबईतला, दुसऱ्या कंपनीचा सर्व्हर हाताने निवडला. पडताळ्यासाठी नेटफ्लिक्सची फास्ट डॉट कॉम ही चाचणीही घेतली, कारण ती नेटफ्लिक्सच्या स्वतःच्या सर्व्हरवरून माहिती खेचते आणि घरातल्या टीव्हीला रोज प्रत्यक्ष काय मिळते याच्या अधिक जवळ जाते.

फायबरपासून राउटरपर्यंत

फायबर दिवाणखान्यात येऊन ओएनटीला जोडलेले होते. ओएनटी म्हणजे प्रकाशाचे संकेत विजेच्या संकेतांत बदलणारी, पुरवठादाराने बसवलेली पेटी. तिच्या माहितीच्या पानावर येणाऱ्या प्रकाशाची पातळी उणे २० डीबीएमच्या आसपास होती (डीबीएम हे संकेताच्या ताकदीचे माप; उण्याचा आकडा जितका मोठा तितका संकेत कमजोर). घरगुती फायबरच्या जीपॉन पद्धतीत उणे २७ च्या खाली पातळी गेली की जोडणी डळमळू लागते, त्यामुळे इथे पुरेसा वाव होता. फायबर कुठे खिळ्याला दाबलेले वा घट्ट वळवलेले नव्हते. हा टप्पा लवकर संपला.

त्यानंतर राउटर बाजूला ठेवून माझा लॅपटॉप माझ्याच केबलने थेट ओएनटीला जोडला. डाउनलोड १९६ एमबीपीएस मिळाला, अपलोड २०, आणि मुंबईच्या सर्व्हरपर्यंत जाऊन येण्याचा विलंब, म्हणजे पिंग, १३ मिलिसेकंद. रात्री नऊ वाजताही हे आकडे जवळपास तेच राहिले. लाइनमन म्हणाला ते इथे सिद्ध झाले : कंपनी ठरलेला डाउनलोड देत होती आणि रात्री तो घसरत नव्हता. मात्र अपलोड २० आहे हे पाहून घरच्यांना धक्का बसला. प्लॅन दुप्पट करताना अपलोडही दुप्पट होईल असे त्यांनी गृहीत धरले होते. पत्रकावर फक्त मोठ्या अक्षरांतले २०० होते, अपलोडचा उल्लेखच नव्हता. आपल्याकडे ब्रॉडबँडची सरकारी व्याख्या जानेवारी २०२३ मध्ये बदलली आणि किमान वेग ५१२ केबीपीएसवरून २ एमबीपीएस झाला, पण त्या व्याख्येतही किमान वेग सांगितला आहे तो डाउनलोडचाच. ज्या काळात घरोघरी लोक कॅमेऱ्यासमोर बसून काम करतात त्या काळात ही उणीव मला गंभीर वाटते.

पुढची पायरी म्हणून माझी केबल काढून घरातली केबल लावली. बाकी काहीही न बदलता डाउनलोड १९६ वरून ९४ वर आला.

या ९४ च्या आकड्याची ओळख ठेवावी असे मी प्रत्येकाला सांगतो. जुन्या १०० एमबीपीएसच्या इथरनेट, म्हणजे केबलच्या, जोडणीवर माहिती तुकड्यातुकड्यांनी जाते आणि असा प्रत्येक तुकडा, म्हणजे पॅकेट, फार तर १५०० बाइटचे असते. त्या प्रत्येक पॅकेटमागे तारेवरची सुरुवातीची खूण, पत्ते, तपासणीचे आकडे आणि दोन पॅकेटांमधली सक्तीची मोकळी जागा मिळून ३८ बाइट खर्च होतात, आणि खुद्द १५०० बाइटांतूनही ४० ते ५२ बाइट मथळ्यांसाठी, म्हणजे पॅकेट कुठून कुठे जायचे अशा नोंदींसाठी, जातात. उरलेल्या जागेचा हिशेब केला की शंभरातले ९३ ते ९५ प्रत्यक्ष हाती येतात. त्यामुळे प्लॅन १५० चा असो वा ३०० चा, चाचणीत सातत्याने ९३ ते ९५ दिसत असेल तर वाटेत कुठे तरी शंभरची जोडणी आहे असे जवळजवळ खात्रीने समजावे. धाकट्या मुलाला दिसलेले सेकंदाला ११ मेगाबाइट हे याच मर्यादेचे बाइटांतले रूप होते.

केबलचा जॅक उजेडात धरून पाहिला. केबलमध्ये तारा आठ होत्या, पण जॅकमध्ये चारच पोचल्या होत्या : नारिंगी-पांढरी, नारिंगी, हिरवी-पांढरी आणि हिरवी. निळी व तपकिरी या दोन जोड्या वेष्टनापाशीच कापून टाकलेल्या होत्या. शंभरच्या इथरनेटला दोन जोड्या पुरतात, म्हणून घाईत क्रिम्प करणारे (तारांवर जॅक दाबून बसवणारे) अनेक जण उरलेल्या दोन जोड्या सोडून देतात आणि काम झाले असे मानतात. जोडणी सुरू होते, दिवे लागतात, कोणाला शंका येत नाही. गिगाबिट इथरनेटला मात्र चारही जोड्या लागतात, आणि त्या नसल्या की दोन्ही टोकांची उपकरणे बहुधा मुकाट्याने शंभरवर उतरतात.

केबल दोन्ही टोकांना आठही तारांनी नव्याने क्रिम्प केली आणि पुन्हा ओएनटी ते लॅपटॉप चाचणी घेतली; १९६ परत आले. मग तीच केबल राउटरला लावली आणि राउटरच्या मागच्या पोर्टवरून मोजले, तर आकडा पुन्हा ९४. राउटर ‘एसी १२००’ या नावाने विकला जाणारा होता. हे बाराशे म्हणजे वायफायच्या २.४ गिगाहर्ट्झ पट्ट्यावरचे कमाल ३०० एमबीपीएस आणि ५ गिगाहर्ट्झ पट्ट्यावरचे कमाल ८६७ यांची बेरीज करून वर पूर्ण केलेला आकडा. दोन्ही आकडे कागदावरचे आहेत आणि एका उपकरणाला ते एकत्र कधीच मिळत नाहीत. त्या राउटरची केबलची सगळी पोर्ट शंभरचीच होती. म्हणजे या घरात बाहेरून येणारा कोणताही प्लॅन दिवाणखान्यातच ९४ वर अडत होता. शंभरचा दोनशे केल्याने काही बदलले नाही याचे कारण इतके साधे होते. यातली अवघड बाजू अशी की नुसती केबल बदलली असती तरी फरक दिसला नसता आणि नुसता राउटर बदलला असता तरीही नसता. एकाच मर्यादेची दोन कारणे एकामागे एक बसलेली होती. त्यांतले एक दूर करून मोजणाऱ्याला आपला उपाय चुकला असेच वाटले असते.

भिंती, स्लॅब आणि टीव्हीमागचा राउटर

तरीही ९४ एमबीपीएस काही कमी नव्हेत. व्हिडिओ बैठकीला एका माणसामागे दोन ते चार एमबीपीएस पुरतात. मग माडीवर इतकी अडचण का, हा प्रश्न उरलाच.

राउटर दिवाणखान्याच्या शोकेसमध्ये, टीव्हीच्या मागे, स्टीलच्या शोभेच्या भांड्यांशेजारी ठेवला होता. टीव्हीच्या पाठीचा धातूचा पत्रा आणि ती भांडी लहरी अडवत आणि परतवत होती. माडीवरची मागची खोली त्याच्या तिरक्या रेषेत होती, म्हणजे लहरींना दोन विटांच्या भिंती आणि सळईचा स्लॅब तिरकस कापून जावे लागे, आणि तिरक्या वाटेने जाताना भिंतीची जाडी नऊ इंचांहून अधिक भरते. त्या खोलीत ५ गिगाहर्ट्झचे जाळे दिसतच नव्हते. २.४ चे दिसत होते, पण उणे ७९ डीबीएमवर. आवाज आणि चित्र यांसाठी निदान उणे ६७ असावे असे नेटवर्कचे लोक धरतात. हा मापक लघुगणकी (दर १० डीबीला ताकद दहापट) असल्यामुळे १२ डीबीचा फरक म्हणजे ताकद सुमारे सोळा पटींनी कमी. लॅपटॉप राउटरशी २६ ते ३९ एमबीपीएसच्या जोडणीवर बोलत होता, आणि वायफायमध्ये दोन्ही बाजूंना आळीपाळीने बोलावे लागते, प्रत्येक पॅकेटची पोच घ्यावी लागते, म्हणून त्यातले जेमतेम १२ ते १५ हाती येत होते. हे मोजण्यासाठी आयपर्फ-३ हे साधन वापरले. ते घरातल्याच दोन संगणकांमधला वेग मोजते, त्यामुळे बाहेरच्या इंटरनेटचा त्यात संबंध राहत नाही आणि दोष वायफायचाच आहे हे वादाशिवाय ठरते.

शेजारपाजारचे चित्रही पाहिले. २.४ गिगाहर्ट्झवर एकमेकांना न छेदणाऱ्या वाहिन्यांची जागा तीनच जाळ्यांपुरती आहे : १, ६ आणि ११. या घराचा राउटर ४० मेगाहर्ट्झ रुंदीवर ठेवलेला होता, म्हणजे तो त्या तिन्हींपैकी जवळजवळ दोन जागा अडवून बसला होता आणि आजूबाजूच्या प्रत्येक घराच्या राउटरशी त्याची धडक होत होती. जिन्यावरचा रिपीटर एकाच पट्ट्यावर चालणारा होता. जे ऐकले ते त्याच वाहिनीवर पुन्हा उच्चारायचे असल्याने तो असलेला वेग निम्म्यावर आणतो. चाचणीत तो बंद केल्यावर माडीवरचा आकडा किंचित वाढला, तेव्हा घरच्यांचा चेहरा पाहण्यासारखा झाला होता.

आणखी एक बाब. वायफायवरचा वेळ सगळ्यांचा सामाईक असतो. दारावरचे दोन कॅमेरे आणि आजोबांचा जुना मोबाइल कमजोर संकेतावर हळू बोलत, आणि ते बोलत असताना बाकीच्यांना थांबावे लागे. एक दुर्बल उपकरण त्या पट्ट्यावरच्या सगळ्यांचा वेग खाली ओढते ते असे.

रात्रीच का?

भिंत सकाळीही तीच असते आणि रात्रीही तीच. मग रात्रीच आवाज का तुटतो, याचे उत्तर वेगाच्या चाचणीत मिळाले नाही. ते विलंबाच्या चाचणीत मिळाले. लॅपटॉपवर दोन खिडक्यांत सतत पिंग चालू ठेवले : एक राउटरला, १९२.१६८.१.१ या पत्त्यावर, आणि दुसरे बाहेर, गूगलच्या ८.८.८.८ या पत्त्यावर. राउटरजवळ केबलने जोडून सर्व उपकरणे बंद असताना पहिले १ मिलिसेकंदाच्या आत आणि दुसरे १४ च्या आसपास होते. मग एका फोनवरून फोटो-व्हिडिओंचा साठा क्लाउडवर चढवायला सुरुवात केली. राउटरचे पिंग जवळपास जागेवरच राहिले, पण बाहेरचे चढत चढत ६०० मिलिसेकंदांवर गेले आणि तिथेच ठाण मांडून बसले. वेग मोजला असता डाउनलोडही खाली आलेला दिसला, कारण उतरणाऱ्या माहितीच्या पोचपावत्यादेखील त्याच अपलोडच्या रांगेत अडकतात.

संध्याकाळी सात-साडेसातला घरातले सगळे परत येतात, फोन चार्जिंगला लागतात, वायफाय मिळते, आणि दिवसभरात काढलेले सगळे आपोआप वर चढू लागते. एका मिनिटाचा फोर-के व्हिडिओ दोन-चारशे मेगाबाइटचा भरतो. तीनशे मेगाबाइट धरले तर २० एमबीपीएसच्या अपलोडवर तो चढायला दोन मिनिटे लागतात. सहलीहून वा लग्नाहून परतल्यावर असे दहा-पंधरा व्हिडिओ असले की अर्धा तास अपलोड काठोकाठ भरलेला. त्यात दोन कॅमेरे आपले चित्रण अहोरात्र क्लाउडवर पाठवत होते. साडेआठच्या बैठकीत मुलीचा आवाज या रांगेच्या शेवटी उभा राहत असे. समोरच्यांचा आवाज डाउनलोडच्या मोकळ्या बाजूने येई, म्हणून तिला ऐकू येत होते आणि तिचे त्यांना ऐकू जात नव्हते. तिच्या पहिल्या वाक्यात हेच होते.

या दोषाला बफरब्लोट म्हणतात. जिम गेटिस या अभियंत्याने २०१० च्या सुमारास आपल्या घरच्या जोडणीवर त्याचा छडा लावला आणि हे नाव रूढ केले. ओएनटी वा राउटरमध्ये पॅकेटांना थांबण्यासाठी जागा असते. पॅकेट गळू नये या हेतूने ती गरजेपेक्षा फार मोठी ठेवलेली असते. दीड मेगाबाइटची जागा म्हणजे १२ मेगाबिट, आणि २० एमबीपीएसने ती रिकामी व्हायला ०.६ सेकंद लागतो. चाचणीत दिसलेले ६०० मिलिसेकंद याच हिशेबाशी जुळतात. २०१२ मध्ये कॅथलीन निकोल्स आणि व्हॅन जेकबसन यांनी कोडेल नावाची रीत मांडली, जी रांगेची लांबी न पाहता पॅकेट रांगेत किती वेळ थांबले ते पाहते आणि वेळ वाढू लागली की पाठवणाऱ्याला हळू होण्याचा इशारा म्हणून एखादे पॅकेट सोडून देते. तिच्यावर आधारलेली एफक्यू-कोडेल ही रीत प्रत्येक प्रवाहाची रांग वेगळी ठेवते, त्यामुळे बैठकीतल्या आवाजाची छोटी पॅकेटे व्हिडिओच्या ढिगाऱ्यामागे थांबत नाहीत. या रीती आज मोफत उपलब्ध आहेत, पण घरोघरी दिल्या जाणाऱ्या राउटरांत त्या क्वचितच असतात, आणि राउटर विकणारेही त्यांबद्दल बोलत नाहीत. खोक्यावर छापण्याजोगा मोठा आकडा त्यांतून निघत नाही, हे त्यामागचे कारण असावे असे मला वाटते.

दुरुस्ती

पैसे लागत नाहीत अशा गोष्टी आधी केल्या. फोनवरचा फोटोंचा साठा चढवण्याचे काम बैठक संपेपर्यंत थांबवायचे ठरले, आणि कॅमेऱ्यांना मेमरी कार्ड घालून हालचाल दिसली तरच क्लाउडवर चित्रण पाठवायची सोय चालू केली. राउटर शोकेसमधून काढून जिन्याच्या तोंडाशी भिंतीवर उंच लावला, २.४ ची रुंदी २० मेगाहर्ट्झ केली, वाहिनी ११ ठरवली आणि रिपीटर काढून टाकला. एवढ्याने माडीवर उणे ७१ मिळाले आणि रात्रीच्या बैठका सुसह्य झाल्या. पण घरातल्या सगळ्यांनी रोज आठवणीने फोन आवरायचे ही व्यवस्था टिकणारी नव्हती, हे मुलीच्या आईने लगेच बोलून दाखवले आणि ते बरोबरच होते.

म्हणून खरेदीकडे वळलो. राउटर निवडताना वायफायच्या मोठ्या आकड्याकडे न पाहता तीन गोष्टी पाहिल्या : सगळी पोर्ट गिगाबिट आहेत का, त्यावर रांगेच्या या रीती देणारी ओपनडब्ल्यूआरटी ही मुक्त प्रणाली चालते का, आणि दोनशे एमबीपीएसची रांग सांभाळण्याइतका त्याचा प्रोसेसर सशक्त आहे का. तिसरी गोष्ट विसरली की रांग नीट होते पण वेग कोसळतो, कारण प्रत्येक पॅकेट आता प्रोसेसरच्या हाताखालून जाते. राउटरवर रांगेची मर्यादा डाउनलोडसाठी १८५ आणि अपलोडसाठी १८ अशी लावली. लाइनच्या खऱ्या वेगापेक्षा थोडी कमी मर्यादा मुद्दाम ठेवायची असते; तसे केले की रांग ओएनटीच्या मोठ्या जागेत साचत नाही, आपल्या ताब्यातल्या राउटरमध्ये राहते. वेगाचा थोडा भाग स्वखुशीने सोडून द्यावा लागतो, हे वडिलांना पटवायला सगळ्यांत जास्त वेळ लागला.

माडीसाठी मेश संच (एकमेकांशी वायफायने जोडले जाणारे दोन-तीन राउटर) घ्यावा असा सल्ला त्यांना दुकानात मिळाला होता. भिंतीतून केबल नेणे अशक्य असेल तिथे मेश योग्यच आहे, पण इथे जुन्या टीव्ही केबलचा पाइप माडीपर्यंत गेलेला होता आणि त्यातली तार वर्षानुवर्षे बिनवापराची होती. तिच्याच टोकाला नवी कॅट-६ केबल बांधून ती वर ओढली. आठही तारा नारिंगी-पांढरीपासून तपकिरीपर्यंत ठरलेल्या क्रमाने लावून क्रिम्प केल्या आणि संगणकावर जोडणीचा आकडा १००० दिसतो आहे याची खात्री करूनच भिंतीवरचे झाकण बंद केले. माडीच्या खोलीबाहेर वायफायचा दुसरा बिंदू बसवला, मुलीच्या मेजावर मात्र थेट केबलच दिली. जे उपकरण जागचे हलत नाही त्याला शक्य तिथे केबल द्यावी, असे माझे ठाम मत आहे. टीव्हीलाही तशीच दिली, आणि त्यामुळे हवेतली गर्दी आपोआप कमी झाली.

नंतरच्या मोजणीत माडीवर केबलने डाउनलोड १८० च्या पुढे आणि अपलोड १७ मिळाला. वायफायचा संकेत उणे ४८. रात्री नऊ वाजता तीन फोनांवरून व्हिडिओ चढत असताना बाहेरचे पिंग २० ते ३० मिलिसेकंदांच्या आत राहिले. त्या आठवड्यात मुलीच्या बैठकीत आवाज तुटल्याची तक्रार आली नाही.

त्यानंतर घरच्यांनी स्वतःच आणखी एक चाचणी केली. राउटरमध्ये डाउनलोडची मर्यादा ९० वर आणून ते काही दिवस तसेच राहिले, आणि टीव्ही, बैठक, मुलाचा अभ्यास यांत कोणालाही फरक जाणवला नाही. दोनशेचा प्लॅन त्यांच्या उपयोगाचा नव्हता. त्यांना हवा होता तो अपलोड. नूतनीकरणाची तारीख जवळ आली तेव्हा वडिलांनी कंपनीच्या तक्रार केंद्रात नोंद करून डॉकेट क्रमांक घेतला आणि प्रत्येक प्लॅनचा अपलोड किती हे लेखी मागितले. उत्तर आले त्यात १०० एमबीपीएसचा असा एक प्लॅन होता ज्यात अपलोडही १०० होता, आणि तो त्यांच्या चालू प्लॅनपेक्षा स्वस्त होता. तो घेऊन त्यांनी ओएनटीवर केबलने पुन्हा मोजले, दोन्ही आकडे वहीत लिहिले आणि राउटरमधली मर्यादा दोन्ही बाजूंना ९२ केली.